कासारआळीची वाट खोल का जाहली

श्री चौकटीवरील गणेश, जो येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय पाहतो आणि कोणाचे नाव कोणास सांगत नाही, तो प्रसन्न असो. शके सतराशे सहासष्ट, क्रोधीनाम संवत्सरी, धन्यांची स्वारी राजधानीचे शहरी आली, आणि कासारआळीतून जाता पालखीचे भोई एकाएकी गुडघ्याइतके खाली गेले, आणि धन्यांचे मस्तक दांडीस लागून टेंगूळ आले. मग धन्यांनी सेवकास पुसिले की, सर्व शहराचे रस्ते सपाट, आणि हीच एक वाट ओढ्याचे पात्रासारखी खोल, ही कोणी खणिली? सेवकाने अर्ज केला की, खणिली नाही, चालून जाहली. धनी बोलिले, "चालून वाट इतकी खोल होते काय?" सेवक बोलिला, "होते. हकीकत लांब आहे." आज्ञा जाहली की, लिहून आणणे. त्यावरून डोळ्यांनी पाहिले ते सगळे, कानांनी ऐकिले त्याहून थोडे कमी, आणि पदरचे अगदी चिमूटभर घालून लिहितो.

प्रथम त्या राज्याची रीत कळली पाहिजे, म्हणजे पुढील अनर्थ ध्यानी येईल. पूर्वी तेथे कागदपत्रांवर न्याय होत असे. पुढे कागद वाळवीने खाल्ले, उरले ते परचक्रात जळाले, आणि साक्षीदारांची तोंडे तर ज्याचे घरी जेवण चांगले त्याचे बाजूस वळत. मग थोरल्या महाराजांनी ठराव केला की, तोंड खोटे बोलते, कागद खोटा होतो, परंतु पाय खोटे चालत नाहीत. शेताचे शिवेचा तंटा पडला म्हणजे गावचा जाणता मनुष्य डोईवर माती घेऊन अनवाणी शीव चालून दाखवितो, आणि तो चालेल ती शीव खरी, हे तर मुलखात सर्वत्र आहे. थोरल्या महाराजांनी तीच रीत सर्व न्यायास लाविली. डोईवर जागेची माती, पायी जोडा नाही, आणि आरंभापासून शेवटापर्यंत चालला, तो मनुष्य जे ठिकाण दाखवील ते खरे. चाललेल्याने न्यायसभेत येऊन रांजणात एक खडा टाकावा. दोन चाली एकमेकींस आड आल्या, तर ज्या चालीचे रांजणात खडे अधिक ती खरी. यास चालीचा न्याय म्हणत, आणि याच न्यायाने चोर सापडत, वारस ठरत, हरवली म्हैस कोणाची तेही ठरे, आणि रयत सुखी होती. म्हणजे ज्यांचे पाय धड होते ते सुखी होते.

त्या शहरी पागेमागील बोळात चिंतो महादेव म्हणोन एक गृहस्थ भावाचे घरी राहत असत. लहानपणी ताप येऊन त्यांचे पाय वाळले ते उसाचे चिपाडासारखे, आणि त्या दिवसापासून पंत उंबऱ्याबाहेर गेले नाहीत. माडीवर खिडकीपाशी बसावे, आणि जो येईल त्यास पुसावे की, नदीचा पूल कैसा आहे, तेलीवाड्यात वळण कोठे आहे, मारुतीपुढे सावली कोणते झाडाची पडते. येणारे सांगत, परंतु सर्वांहून चांगले सांगे ती भागाई कासारीण. ती पंतांचे वहिनीस बांगड्या भरावयास येई, आणि तिचा नवरा वारला होता, मूल नव्हते, बांगड्यांचा हारा डोईवर घेऊन ती घरोघर फिरे, म्हणोन सर्व शहर तिजला तळव्यांनी ठाऊक होते. ती म्हणे, "पंत, पुलाचा तिसरा दगड हलतोय. त्याच्यावर पाय दिला की पूल कण्हतो बघा, म्हाताऱ्यावाणी." पंत म्हणत, "आणि तुझे घर कैसे आहे, भागाई?" ती म्हणे, "माझं कसलं घर. निळं दार हाय, न उंबऱ्याला भेग. सासऱ्यानं भट्टीचा दगड टाकला होता, त्याची." पंत डोळे मिटून ऐकत. ऐसे ऐकता ऐकता पंतांचे मस्तकी सर्व शहर उभे राहिले, गल्ल्या आणि दारे आणि धूर आणि वास यांसुद्धा, आणि त्या शहरात चालावयास कोणी तरी पाहिजे, म्हणोन पंतांनी हैबतराव नजरबाज निर्माण केला.

नजरबाज म्हणजे गुन्ह्याचा गुप्त शोध काढणारा. हैबतराव उंच ताडासारखा, एक डोळा अर्धा मिटलेला, तोंडात वेलदोडा. कोणाचे घरी गेला तर माणसांस काही पुसत नसे. खाली बसून उंबऱ्यावर बोटाचे पेराने टकटक करी, आणि उंबरा त्यास सर्व सांगे. जेथे खून जाहला तेथील चिमूटभर माती डोईवर घेई, जोडा काढून हाती धरी, आणि अनवाणी निघे, तो खुनी गाठल्याखेरीज पाणी घेत नसे. ही माती आणि हे अनवाणी पाय पंतांनी केवळ शोभेसाठी घातले. दुसरा हेतू नव्हता. परंतु शोभेसाठी घातलेली वस्तू कधी कोणाचे मानेवर पडेल हे सांगवत नाही. पंतांनी कथा रचिली ती ऐसी की, एक सराफ पुलावर मरून पडला, मुठीत बांगडीचा तुकडा, आणि हैबतराव पुलापासून चालत चालत कासारआळीत निळे दारापाशी आले, आणि उंबऱ्याने भेगेतून सांगितले की, सराफास विषाचा विडा दिला ती बाई आत आहे. बाईस नाव दिले नव्हते. पंतांस चांगले नाव सुचले नाही म्हणोन तसेच राहिले.

ती कथा बाळाशेट छापखानेवाले यांनी शिळेवर छापिली आणि शहर वेडे जाहले. हलवायाचे दूध उतू जाऊन गटारास मिळाले आणि हलवाई पुस्तकातून मान वर काढीना. भटजी लग्नात सावधान म्हणावयाचे ते हैबतराव म्हणू लागले. आणि पागेतील एक घोडा रोज एक पान ऐकल्याखेरीज चंदी खाईना, हे सेवकाने स्वतः पाहिले आहे, आणि घोडा पुढे बरेच शिकला. मग बाळाशेटांनी मसलत केली की, लोकांस हैबतराव पाहिजे, तो तर कोठे नाही. परंतु तो चालला त्या वाटा शहरात आहेत, त्या विकाव्या. म्हणोन लहानशी वाटपोथी काढिली, खिशात राहील ऐसी, आणि तीत मजकूर की: पुलाचे तिसरे दगडावर उभे राहावे, दगड कण्हला म्हणजे सराफ येथेच पडला असे जाणावे. येथील चिमूटभर माती डोईवर घ्यावी, जोडा हाती धरावा. मग मारुतीस उजवे हाती ठेवून तेलीवाड्याकडे वळावे. येथे नजरबाजांस शिंक आली, आपणही थांबावे. मग कासारआळीत निळे दार लागेल. उंबऱ्यावर पेराने ठोठवावे आणि कान द्यावा. आत खुनी आहे.

मग जे लोक चालू लागले त्यास गणती नाही. बायकापोरे, शागीर्द, सावकार, बाहेरगावचे पाहुणे, सर्वांचे डोईवर माती, सर्वांचे हाती जोडे. तेलीवाड्याचे कोपऱ्यावर सगळे एकदम थांबून शिंकत, तेव्हा तेथील कावळे उडून नदीपार जात. शहरचे कुत्र्यांसही वाट पाठ जाहली, आणि ती पाहुण्यांस पुढे होऊन दाखवीत व शेवटी दारापाशी बसून पोळीची वाट पाहत.

भागाईस प्रथम मौज वाटली. सकाळी टकटक जाहली, तिने दार उघडिले, तो पाचसात असामी खाली बसून उंबऱ्यास कान लावून. एक बोलिला, "हेच का ते दार?" ती बोलिली, "दार हेच. कोण पायजे?" "आम्हांस खुनी पाहिजे." "खुनी न्हाई बाबा. मी हाय. बांगड्या भरायच्या का बायकोला?" सर्व हसले, तीही हसली. परंतु दुसरे दिवशी टकटक, तिसरे दिवशी टकटक, जेवता टकटक, निजता टकटक, आणि हसणारे हळूहळू कमी जाहले, आणि पाहणारे वाढले. एके दिवशी तेलीवाड्यातील रखमा तेलीण, जिचे हाती भागाईने आजवर शेकडो बांगड्या चढविल्या, ती पदर तोंडास लावून दुसरीस बोलिली, "हसू नगं गं हिच्याम्होरं. हिचा दाल्ला पटकीनं गेला म्हनत्यात. पटकीनंच गेला का, देव जाणे." भागाई बोलिली, "त्या साली तुझा दीर बी पटकीनं गेला की गं, रखमे. त्याला बी मीच मारला व्हय?" तेव्हा रखमा मागे सरून ओरडली, "बघा! बघा! आपल्या तोंडानं बोलली!"

बांगडी हे सौभाग्याचे लेणे. ते खुनी बाईचे हातून कोण भरून घेईल? मग शहरचे हात मागे जाऊ लागले. एके लग्नघरी नवरीचा हात भागाईचे हातात, हिरव्या बांगड्या अर्ध्या चढल्या, तोच नवरीची आत्या वाटपोथी हाती घेऊन आली आणि बोलिली, "सोड. सोड माझ्या पोरीचा हात." आणि चढल्या त्या बांगड्या उतरविण्याइतका धीर कोणास निघाला नाही. पाट्यावर हात ठेवून वरवंट्याने फोडिल्या. लग्नाचे दिवशी, हळदीचे अंगाने, नवरीचे हातातील बांगड्या घरच्यांनीच फोडिल्या, इतके भय जाहले होते. भागाईने काचा वेचून हाऱ्यात घातल्या आणि निघाली, ती घरी न जाता पंतांचे माडीवर आली.

"पंत, माझं दार परत द्या."

पंत माडीवर बसणारे, त्यांस काही ठाऊक नव्हते. ते बोलिले, "काय जाहले, भागाई?"

"तुमी माझ्या दारामागं एक बाई ठिवली. ती कोन हाय मला ठावं न्हाई. पर लोकं तिला बघाया येत्यात न मला बघून जात्यात."

"अगं, ते शहर माझ्या डोक्यातले. ते दारही डोक्यातलेच."

"डोक्यातलं आसंल. उंबरा माझा हाय. भेग म्या तुमास्नी सांगितली, मानूस घरात बसून हाय, त्याला तेवढंच बरं वाटंल म्हणून सांगितली." आणि काचा खिडकीपाशी ठेवून बोलिली, "आता घरात म्या बी बसले."

पंतांनी त्याच वेळी बाळाशेटांस बोलाविले आणि फर्माविले की, पोथी बंद करा. बाळाशेट बोलिले, "पंत, आता बंद केली तर लोक माझाच उंबरा फोडतील. मी असे करितो, शेवटी छापितो की, हे सर्व कल्पित आहे." आणि खरेच छापिले, परंतु अक्षर इतके बारीक की ते वाचावयास मुंगीस चाळिशी लागावी.

मग लोकांत बोभाटा जाहला की, नजरबाजाने खुनी धरून दिला आणि राज्य स्वस्थ बसले, हा काय न्याय? गाऱ्हाणे महाराजांपर्यंत गेले. महाराज ऐकून दचकले, कारण महाराज स्वतः वेष पालटून ती वाट चालले होते, डोईवर माती घेतली होती, तेलीवाड्यात शिंकलेही होते. आता वाट खोटी म्हणावी तर राजाचे पाय खोटे ठरतात. म्हणोन हुकूम जाहला, आणि भागाईस निळे दारातून धरून न्यायसभेत आणिले. न्यायाधीश वृद्ध, दयाळू, रोज कबुतरांस दाणे घालणारे होते. ते बोलिले, "बाई, सराफास का मारिलेस?"

भागाई बोलिली, "कंचा सराफ?"

"पुलावर मेला तो."

"त्याचं नाव काय व्हतं? त्याची बायको कुठं हाय? त्याच्यासाठी कोन रडलं, त्ये सांगा."

न्यायाधीशांनी बहुत विचार केला आणि बोलिले, "रडलो ते आम्ही. आमचे घरची सर्व मंडळी रडली. इतकी माणसे रडली तो मेला नाही असे कैसे म्हणावे?" आणि सभेतील कित्येकांनी पुन्हा डोळे पुसिले.

मग पंतांस खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, वरून पडदा टाकून आणिले. पंत बोलिले, "हैबतराव नाही. सराफ नाही, विडा नाही, विष नाही. सर्व मी रचिले. ही बाई बांगड्या भरते, याखेरीज तिने काही केले नाही." न्यायाधीश बोलिले, "पंत, आपण ती वाट चालला आहात?" पंत बोलिले, "नाही." "कधीच नाही?" "माझे पाय सभेपुढे आहेत." न्यायाधीश खेदाने बोलिले, "मग आपणांस काय ठाऊक? चालले ते जाणतात. आपण ब्राह्मण, विद्वान, परंतु न चाललेले." आणि रांजण मांडिले. जे ती वाट चालले त्यांनी यावे आणि खडा टाकावा. एक रांजण भरले, दुसरे भरले, नदीकाठचे खडे संपले तेव्हा लोकांनी हरभरे टाकिले. भागाईचे बाजूस एकही खडा पडला नाही, कारण ती खुनी नाही हे दाखवावयास चालावे कोठून कोठे, हे कोणास सुचले नाही. न जाहले गोष्टीस वाट नसते. निकाल जाहला की, येते अमावास्येस गडाचे टकमकीवरून कडेलोट करावा.

पंत घरी आले. मग लेखणी घेतली आणि हैबतरावाची शेवटली कथा लिहिली, आणि बाळाशेटांस बोलाविले. कथा ऐसी की, हैबतराव निळे दारी पुन्हा येतो, पुन्हा ठोठावतो, आणि उंबरा म्हणतो, तू चुकलास. मग हैबतराव पुन्हा माती घेऊन निघतो, तो खरे खुनी माणसाचे दारी जातो, ज्याने माडीवर बसून विडा लाविला आणि अजाण हाताने पाठविला. बाळाशेट वाचून बोलिले, "वाहवा! आणि वाटपोथीत दार कोणते घालू?"

"पागेमागील बोळ. पिवळे दार. माडीवर खिडकी आहे."

बाळाशेटांनी कागद खाली ठेविला. "पंत, हे तर आपले घर."

"होय."

"लोक ठोठावतील."

"ठोठावू द्या. मजकडे येतेच कोण?"

"पंत, ते ठोठावून थांबणार नाहीत."

"थांबू नयेतच. अमावास्येपूर्वी तिच्या रांजणाहून माझे रांजण मोठे जाहले पाहिजे. छापता की दुसरा पाहू?" मग बाळाशेटांनी डोळे पुसिले, आणि प्रती किती काढाव्या ते पुसिले.

नवी पोथी निघाली मात्र, शहर पुन्हा उलटले. जुनी वाट चालून कंटाळलेले चालले, जुनी न चाललेले चालले, आसपासचे गावांतून गाड्या आल्या. पंत खिडकीपाशी बसून ऐकत. पहिले दिवशी पुलाचा दगड कण्हला तो आवाज माणसांचे गर्दीबरोबर जवळ जवळ येत चालला असे त्यांस वाटले, आणि मग खाली त्यांचे स्वतःचे उंबऱ्यावर टकटक जाहली. वहिनी रडत वर आली आणि बोलिली, "भाऊजी, सगळा बोळ भरलाय. काय सांगू त्यांना?" पंत बोलिले, "सांगा, आहे म्हणावे घरी." ज्या शहरात त्यांस आयुष्यात जाता आले नाही ते शहर दारी आले होते, आणि सेवक बोळातच उभा होता, त्याणे पाहिले की, पंत खिडकीतून एकेक तोंड असे न्याहाळीत होते, जैसे कोणी लांबचे सोयरे ओळखावे. भाऊ मात्र त्याच दिवशी लाजेने गावी निघोन गेला.

न्यायसभेत कोणी शंका काढिली की, पाय नसलेला मनुष्य खून कैसा करील? तेव्हा सर्व लोक एकदम बोलिले, "म्हणून तर कोणास संशय आला नाही!" हे न्यायाधीशांस पटले. खडे पडले, हरभरे पडले, शेवटी तूरडाळ पडली, आणि पंतांचे रांजण मोठे जाहले. भागाईस सोडिले. परंतु थोरल्या महाराजांचे ठरावात एक कलम होते, ते दफ्तरदाराने काढिले की, कडेलोटाचा मनुष्य पुलापासून टकमकीपर्यंत आपल्या पायी गेला पाहिजे, तेव्हा न्याय पुरा. पाय नसतील तर दुसऱ्याने वाहून न्यावा, परंतु वाहणारा खुशीने आला पाहिजे, आणि त्याचे डोईवर माती पाहिजे. वाहणारा न मिळेल तर न्याय अपुरा, आणि आधीचा निकाल कायम. म्हणजे पुन्हा भागाई. दवंडी पिटली. ज्या शहराने इतके पाय काढिले, त्यातून पाठ एकही निघाली नाही. सर्वांस फक्त पाहावयाचे होते.

पंतांनी बंदीखान्यात भागाईस बोलाविले आणि बोलिले, "तू नेले पाहिजेस."

ती बोलिली, "म्या? तुमास्नी ढकलाया?"

"ढकलणारे दुसरे आहेत. तू फक्त न्यावयाचे."

"डोईवर माती घिऊन? म्हंजे माझं पाय सांगनार की तुमीच खुनी. न्हाई पंत. मला त्या बाईच्या जागी जाऊ द्या. ती निदान माझ्या घरातली हाय."

पंत बोलिले, "भागाई, जन्मभर तू मला शहर सांगितलेस. एकदा दाखव."

ती उठून गेली. दुसरे दिवशी हारा घरी ठेवून रिकामी आली.

मग अमावास्येस, उन्हे चढल्यावर, भागाईने पुलावरची माती डोईवर घेतली आणि पंतांस पाठुंगळी बांधिले. काचेचा हारा वाहिलेली बाई, तिजला पंत जड जाहले नाहीत. दोहो बाजूंस लोक उभे, हाती पोथ्या. तिने तिसरे दगडावर पाय दिला, आणि दगड कण्हला. पंत तिचे कानाशी बोलिले, "हाच?" ती बोलिली, "हाच." पंत बोलिले, "मी फार मोठ्याने कण्हविला. हा तर हळू आहे." मारुती आला. पंत बोलिले, "हे झाड पिंपळ आहे? मी वड लिहिला." ती बोलिली, "म्या पिंपळच सांगितला व्हता." "होय. वड बरा वाटला म्हणोन." तेलीवाड्याचे कोपऱ्यावर लोक रिवाजाप्रमाणे शिंकले, आणि पंतांस हसू आले, आणि खरीच शिंक आली. तेव्हा रखमा तेलीण पदराने डोळे पुसू लागली, तिजला कारण विचारिले तर सांगता येईना. कासारआळीत निळे दार आले. पंत बोलिले, "थांब. भेग पाहू दे." भागाई पाठीवरच्यासकट खाली बसली, आणि पंतांनी हात लांब करून उंबऱ्यावरून बोट फिरविले. ठोठाविले नाही. "अगदी तू सांगितलीस तशी आहे," बोलिले. "येथे मी काही बदल केला नव्हता."

पुढे गडाची चढण. तेथे पंत गप्प होते आणि भागाई बोलत होती. डावीकडे लोहाराचं घर, हितं करवंदं लागत्यात, खाली दिसतंय ते तुमचं पागेमागचं कौल. टकमकीवर सरकारी माणसांनी गाठी सोडिल्या. पंतांनी खाली शहराकडे पाहिले आणि बोलिले, "लहान आहे गं." याउपर जे जाहले ते लिहीत नाही. धनी जाणतच आहेत.

त्यानंतर बाळाशेटांनी तिसरी वाटपोथी काढिली, तीत टकमक घातली, आणि लोक तेथपर्यंत चालू लागले. शहरच्या बायकांनी भागाईस पुन्हा बोलाविले की, आम्हांस ठाऊकच होते, तू निर्दोष. ये, सणास बांगड्या भर. ती गेली नाही. ती न्यायसभेत गेली आणि न्यायाधीशांस पुसिले, "माझं पाय खोटं चाललं. त्ये परत कसं घ्यायचं?" न्यायाधीशांनी ठराव चाळिला आणि बोलिले, "टकमकीची माती घेऊन उलटे पुलापर्यंत चालावे, म्हणजे ती चाल पंतांचे बाजूची. परंतु बाई, तुझा खडा एक, आणि पलीकडे तीन रांजणे आहेत." ती बोलिली, "एकच मानूस पुन्ना पुन्ना चालला तर?" न्यायाधीश बोलिले, "न चालावे असे कोठे लिहिले नाही." तेव्हापासून भागाई रोज टकमकीची माती डोईवर घेऊन गर्दीचे समोरून उलटी येते, न्यायसभेत खडा टाकिते, आणि घरी जाते. पलीकडचे लोकही रोज टाकीतच आहेत. जी वाट लोकांनी घोट्याइतकी झिजविली, ती खाली एकटीने गुडघ्याइतकी नेली, ऐसे कासारआळीचे जुने लोक म्हणतात. सेवक त्यात काही घालीत नाही, काढीतही नाही. आता वाटपोथीची जी नवी छाप निघाली आहे, तीत कासारआळीचे पानावर एक ओळ वाढविली आहे की: येथे समोरून एक म्हातारी डोईवर माती घेऊन येते. तिजला वाट द्यावी आणि पुढे व्हावे.

धन्यांनी पुसिले की वाट खोल का, ते जाहले वर्तमान जैसे होते तैसे लिहिले. नजरबाज नव्हता, सराफ नव्हता, पंत होते. भागाई अद्याप आहे, आणि उद्या सकाळी ती टकमकीवरून निघेल. तिचे पहिले रांजण अजून भरावयाचे आहे. धन्यांचे टेंगूळ उतरले असेल, आणि पाय तर ईश्वरकृपेने धड आहेत. सेवकाने इतकेच लिहावे.